लाल कुलूप

साइटवर वायरमनकाकांचा नियम एकच. वायरीला हात लावण्याआधी ज्याने त्याने मेन बोर्डाला आपलं कुलूप लावायचं. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय लाइट चालू होणार नाही. आज पाच कुलपं निघाली, पण सहावं, लाल, तसंच लटकत होतं. पंप बंद, तळघरात पाणी भरतंय, आणि नव्या मुकादमाचा जीव टांगणीला लागलेला.

"अहो काका, पाचही जण समोर उभे आहेत! तोडा ते कुलूप!"

"आधी खाली बघून येतो," म्हणत काका बॅटरी घेऊन तळघरात उतरले. दहा मिनिटांनी वर आले ते वेल्डरचा दंड धरूनच. पठ्ठ्या घोटाभर पाण्यात उभा राहून मशीनची तुटलेली वायर जोडत होता.

"दोन मिनिटांचं तर काम होतं," वेल्डर पुटपुटला. "म्हणून कुलूप लावलंच नाही."

मुकादमाला दरदरून घाम फुटला. "मग हे लाल कुलूप कोणाचं?"

काकांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून ते उघडलं.



"माझ्या धाकट्या भावाचं. एकदाच लावायचं राहिलं त्याच्याकडून. तेव्हापासून रोज मीच लावतो."