सात तासांचा पहारा

"आता जे सांगतो त्याच्यावर तुमच्यातला एकबी इश्वास ठेवणार न्हाई," असं म्हणत भिमाजी आबांनी पप्पूच्या सलूनातल्या बाकड्यावर ऐसपैस मांडी ठोकली. "एका माणसाला मी सात तास एका जागी उभा केला. दोरी न्हाई, बेडी न्हाई. हातसुद्धा लावला न्हाई."

पप्पू खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालांवर फेस चढवत होता. "पोलिसात हुता काय आबा?"

"भजनात हुतो."

बाकड्याच्या टोकाला पृथ्वीराज मोबाईल चाळत बसला होता. जालन्याकडचा पोरगा, कंपनीत कामाला, सणसवाडीत खोली घेऊन राहणारा. त्यानं मान वर केली. आबांना तेवढं पुरे होतं. केंदूर सोडून लेकाकडं राहायला आल्यापासून त्यांना रोज नवे कान लागत, आणि परगावच्या पोरांचे कान सगळ्यांत चांगले. ते मध्येच दुरुस्त्या करत नाहीत.

गोष्ट गेल्या वर्षीची, केंदूरच्या वस्तीवरल्या सप्ताहाची. बाळासो म्हणजे आबांचा चाळीस वर्षांचा जोडीदार. एकाच सायकलवर डबलसीट भजनाला जायचे दोघं. पुढं बाळासोनं मोठा फोन घेतला आणि भजनी मंडळाचा ग्रुप काढला. तेव्हापासून हरिपाठ ग्रुपवर, प्रवचन ग्रुपवर. देवळात चार डोकी, आणि ग्रुपवर ऐंशी जणांचे जोडलेले हात. आबांनी एकदा आवाज भरून टाकला, "देवळात या, न्हाईतर देवाला बी ग्रुपात घ्या." दोन मिनिटांत बाळासोनं आबांनाच ग्रुपमधून काढलं.

"तोंडावर बोलला असता तर दोन शिव्या घातल्या असत्या आन् संगं च्या प्यालो असतो," आबा म्हणाले. "त्यानं बोटानं काढला मला. चाळीस वर्षं, आन् एक बोट. तवाच ठरवलं, ह्याला सोडायचा न्हाई."

"मग?" पृथ्वीराजनं फोन खिशात घातला.

"सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकवायची नसती. ह्याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात. दोन दोन तासांचा पहारा, आन् बदली आल्याबिगर हलायचं न्हाई. बाळासो सकाळी दहाला उभा ऱ्हायला. बाराला बदली माझी."

"आन् तुम्ही गेलाच न्हाई," पप्पू म्हणाला.

"मला सांगणार कोण? पाळ्यांची यादी ग्रुपवर, आन् मी ग्रुपाच्या भाईर." आबा मिशीत हसले. "घरी सावलीला बसून शेंगा फोडीत हुतो."

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाआडून म्हणालं, "दुसरं कुणी आलं न्हाई व्हय वीणा धरायला?"

"कांदा काढणीचं दिस. देवळापुढच्या दुकानदारानं ग्रुपवर टाकलं, वीणेपाशी कुणीतरी जा. साठ जणांनी अंगठा दाबला. ज्याला त्याला वाटलं, दुसरा गेला."

"त्यांनी स्वतः फोन का नाही केला कुणाला?" पृथ्वीराजनं विचारलं.

आबांनी मांडीवर थाप मारली. "हितंच तर मेख हाय. वीणा गळ्यात आसताना फोनला हात लावायचा न्हाई, हा नियम बाळासोनंच काढलेला. आता बंडीच्या खिशात फोन, समोर माइक. लेकीचे फोनावर फोन, आन् दर फोनाला भोंग्यातनं सगळ्या वस्तीवर घुर्रर्र, घुर्रर्र. मी घरी बसून मोजले. एकवीस."

आबांच्या जिभेला चव आली होती. त्यांनी बाळासोचे थरथरणारे गुडघे सांगितले, कोरडा पडलेला घसा सांगितला, मांडवाची सावली सरकून पाठीवर आलेलं ऊन सांगितलं. इतकं बारकाईनं, की पृथ्वीराजनं नकळत स्वतःचे पाय चोळले.

"पाचाला गेलो," आबा म्हणाले. "पाय भोपळ्यावाणी सुजलेले त्याचे. डोळ्यात पाणी. वीणा माझ्या गळ्यात घातली आन् पाया पडला. रीत म्हणून मीबी पडलो. पर आधी तो पडला."

"ग्रुपात घेतलं का परत?" पप्पूनं विचारलं.

"घेतो म्हणला. मी म्हणलो, ठेव तुझ्यापाशीच."

"आता कुठं असतात ते?" पृथ्वीराज म्हणाला.

"केडगावला, लेकीकडं. लाजंनं तिकडंच ऱ्हातो. केंदुरात पाय ठेवत न्हाई."

पप्पूनं वस्तरा पुसून ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ओला टॉवेल फिरवला. गिऱ्हाईक उठून आबांकडं वळलं, तशी आबांची मांडी आपोआप सुटली. सप्ताहाला मांडव आणि लाऊडस्पीकर लावणारा पाबळचा इनुस होता तो.

"रामराम आबा," इनुस सावकाश म्हणाला. "मशीनपाशी मीच हुतो त्या दिवशी. वीणा तुमच्या गळ्यात हुती. बदलीला याचं हुतं ते बाळासो आप्पांनी."

"इनुस, गोष्ट हाय रं ती. पोरांची करमणूक."

"भजनातला हौसराव दोनदा आला वीणा घ्यायला. तुम्ही दिली न्हाई. तुम्हीच त्याला म्हणला, बाळासोच येऊ दे, बघू किती उशीर करतो." इनुसनं खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आप्पा आदल्या दिवशी केडगावला गेलते लेकीकडं. सकाळी छातीत कळ आली. लेकीनं दौंडला दवाखान्यात नेलं, आन् तिथनं ते तुम्हालाच फोन लावत हुते. भोंग्यात घुरघुर याया लागली म्हणून मी आलो, तुमच्या खिशातनं फोन काढला आन् आप्पांचं नाव दाखवलं. तवा जीव हुता त्यांच्यात. तुम्ही नाव वाचलं, डोळं मिटलं, आन् मला म्हणला, वाजू दे."