आक्काच्या गोवऱ्या

पुण्यातल्या प्रयोगशाळेत धूर करायचं काम सुदाम गायकरकडे होतं. दम्याच्या रोग्यांच्या फुफ्फुसांतल्या पेशी काचेच्या बशांत ठेवलेल्या असत. एका बशीला तो सिगारेटचा धूर द्यायचा, दुसरीला लाकडाचा, तिसरीला गोवरीचा. गोवऱ्या गावाहून त्याची मोठी बहीण पाठवायची. आक्काला जुना दमा होता, दर दोन महिन्यांनी छाती कफाने भरायची. तरी प्रयोगाला जायच्या म्हणून ती गोवऱ्या निवडून, पुन्हा उन्हात वाळवून द्यायची.

चार महिन्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी निकाल सांगितला. जंतू गिळणं हे त्या पेशींचं काम. सिगारेटच्या बशीत त्या निम्मंच काम करत होत्या. गोवरीच्या बशीत जवळजवळ काहीच करत नव्हत्या.

"गोवरीवर रोज स्वयंपाक करणाऱ्या दमेकऱ्याचंही असंच होत असेल?" सुदामने विचारलं.

"बशीत तरी तसंच दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

रविवारी तो टेम्पो घेऊन गावी गेला. आक्का चुलीपुढे खोकत बसली होती.

"माझ्या गोवऱ्यांचं काय झालं रे?"

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "पहिल्या आल्या," तो म्हणाला.

आक्काचा चेहरा फुलला. "मग आणखी दोन पोती ने की."

"सगळ्याच नेतो."

त्याने परसातल्या गोवऱ्या झाडून साऱ्या टेम्पोत भरल्या आणि पुण्याच्या घरातून आणलेली गॅसची शेगडी व सिलिंडर आक्काच्या स्वयंपाकघरात मांडला.

पुण्यात त्याची बायको पुढचा आठवडाभर शेजारणीकडे भाकऱ्या भाजत होती. सुदामशी बोलत नव्हती.