परीचा पडण्याचा प्रसंग

पडद्यावर परीने पंख पसरले तशी बायकोने सुताराचं मनगट घट्ट धरलं. चेहरा नायिकेचा, पण उडणारा देह त्यांच्या लेकीचा. नायिकेच्या जागी तारेला लटकून उडायचं, हेच लेकीचं काम होतं. सुतार त्याच स्टुडिओत महाल उभे करायचा. तिचे पंखही त्यानेच कामट्यांवर कापड ताणून केले होते.

पडदा नुसता झगमगत होता. सोन्याचे डोंगर काय, बोलणारी कमळं काय, चांदण्यांचा पाऊस काय! सगळं थिएटर हरखून गेलं होतं. बायको तेवढी कोरडी. तार तुटून लेक गेली, त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वहिनीचं काळीज दगडाचं आहे, असं नणंद तिला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात म्हणाली होती.

दिग्दर्शक घरी येऊन हात जोडून गेले होते. तार तुटली तेव्हा कॅमेरा सुरूच नव्हता, परी पडते तो प्रसंग पुढे संगणकावर केला, असं म्हणाले होते. दोघांनी विश्वास ठेवला. मोठा माणूस, घरापर्यंत आलेला.

राजाचा बाण सुटला. परीचा डावा पंख आधी मोडला. मग ती गर्रकन फिरली आणि एक हात पुढे करून खाली येऊ लागली. पडद्यावर त्या हातासमोर निळं तळं होतं.

तार तुटली त्या दिवशी तिथे सुतार उभा होता.

 शेजारची खुर्ची हलू लागली म्हणून त्याने वळून पाहिलं. बायको हुंदके देत होती. पुढच्या रांगेतल्या बाईने आपला रुमाल मागे केला.

"अहो, ही आपली नव्हे ना?"

"नाही गं. हे संगणकावरचं."

मग मात्र ती पोटभर रडली. दिवे लागले तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. जिना उतरताना भूक लागली म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून त्याचा हात हातात घेतला.

"उद्या परत येऊ या," ती म्हणाली. "ती पडते ना, तेवढं बघितलं की फार मोकळं वाटतं."