आलामोचा बुंधा

धूर आधी हेनोवेवाला दिसला. शेजारच्या कुंपणावरून ती ओरडली, "बेलार्मिनो! असल्या वाऱ्यात काय जाळतोस रे? रोसेन्दा गेली ती तुझी अक्कलही घेऊन गेली का?"

बेलार्मिनो काही जाळत नव्हता. बायको वारल्यावर आता तो ओसरीवर बसून एकट्यापुरते बटाटे सोलत होता. हातातली सुरी तशीच धरून तो पाटाकडे पळाला.

एप्रिल संपत आला होता. डोंगरावरचा बर्फ वेळेआधीच उतरून गेला होता आणि वारा थांबायचं नाव घेत नव्हता. आज काडीसुद्धा ओढू नका, असं सांता फेचा रेडिओ सकाळपासून बजावत होता. पाट कोरडा होता. त्याला पाणी सोमवारी सुटायचं होतं.

पाटाच्या काठावर तोडलेल्या आलामोच्या झाडाचा जुना बुंधा होता. धूर त्याच्या मुळांतून येत होता. जाळ कुठेच दिसत नव्हता. बेलार्मिनोने बुटाने माती लोटली. ती पिठासारखी उडून गेली. मग वाऱ्याचा एक झोत आला, मूळ आतून लाल झालं आणि ठिणग्या पलीकडच्या वाळक्या गवतात पडल्या.

त्याने अंगातलं जाकीट काढून गवतावर आपटायला सुरुवात केली. एका जागी विझवलं की तीन जागी पेटायचं. थोड्याच वेळात आग त्याला मागे टाकून चढावर गेली. चढावर हेनोवेवाचं घर होतं.

हेनोवेवा आता ओरडत नव्हती. ती फोनवर अमादेओशी बोलत होती. अमादेओ पाटकरी. नदीवरच्या दाराची किल्ली त्याच्याकडे.

"दार उघड, अमादेओ. सोमवार गेला खड्ड्यात. आत्ता उघड!"

त्याने लगेच उघडलं. पण वर्षाचं पहिलं पाणी धावत नाही. कोरडी माती ते पिऊन टाकते. एकेक भेग भरत, पुढे पालापाचोळा आणि रिकाम्या बाटल्या ढकलत ते येतं. बेलार्मिनो आणि हेनोवेवा बादल्या घेऊन पाटात उभे राहिले.

"येतंय," बेलार्मिनो म्हणाला.

"कुठे येतंय? गोगलगाय येतेय!" हेनोवेवाने बादली टाकली आणि ती शेळ्या सोडायला चढावर पळाली.

तिच्या घराच्या भिंतीला लागून पिन्योनच्या लाकडांची रास होती. आगीने आधी ती घेतली, मग छपराचे वासे. पाणी पाटात पोचलं तेव्हा छप्पर खाली आलं होतं. मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आग तिथे थांबली नाही. ती वरच्या पठारावर गेली आणि दिवस मावळेपर्यंत विमानं तिच्यावर घिरट्या घालत राहिली.

संध्याकाळी अग्निशमन दलाचा एक तरुण अधिकारी आला. त्याने बुंध्याभोवतीची माती उकरून पाहिली, हात झटकले आणि बेलार्मिनोला म्हणाला, "आजोबा, ही आजची आग नाही. मुळांत बरेच दिवस धुमसत होती. इथे आधी कोणी काही पेटवलं होतं का?"

पाणी सुटण्याआधी गावात जो तो आपल्या वाट्याचा पाट जाळून साफ करतो. एक जण पुढे गवत पेटवत जातो, दुसरा मागून ओल्या पोत्याने विझवत येतो. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

अमादेओने बेलार्मिनोचा दंड धरून त्याला थोडं बाजूला घेतलं.

"कंपाद्रे, ऐक माझं. रोसेन्दाचं नाव सांग. म्हणावं तिनेच जाळलं, मी घरात होतो. तिला आता कोण कोर्टात खेचणार? तुझी मात्र जमीन जाईल."

तो हळूच बोलला होता, पण वारा हेनोवेवाच्या बाजूला होता आणि तिने ऐकलं. ती पाटाच्या कडेला पालथ्या बादलीवर बसली होती. तोंड काजळलेलं, मांडीवर एक करडू. रोसेन्दा आणि ती एकाच अंगणात खेळलेल्या.

"सांग की," ती म्हणाली. "ती काही भांडायला यायची नाही. माझ्याशीच भांडली नाही कधी, तुझ्याशी काय भांडणार?"

बेलार्मिनो अधिकाऱ्याकडे वळला.

"आग मी लावली," तो म्हणाला. "मार्चमध्ये. वारा नव्हता त्या दिवशी. बायको मागून पोतं घेऊन विझवत येत होती. तिच्या हातून कधी ठिणगी राहिली नाही. विचारा कोणालाही."

"मग इथली कशी राहिली?"

बेलार्मिनोने बुंध्याकडे पाहिलं.

"इथे तिला दम लागला. तसं कधी व्हायचं नाही तिला. थंडी होती. मी बुंध्याला हात लावून पाहिला. मी म्हटलं, इथे बस जरा. ऊब आहे, बरं वाटेल तुला."