मांडीवरच्या चपला

गाडी घरी आली त्याच दिवशी नागसेननं आईला बजावलं, “चपला काढूनच बसजो, माय.” तेव्हापासून केसरबाई चपला मांडीवर घेऊन, अंग चोरून सीटच्या काठावर बसायची. एरवी गाडी ताडपत्रीखाली असायची. निघायची ती लग्नाला नाहीतर चौदा एप्रिलला. चालतच नाही, तर ऑइल कशाले बदलाचं, असं त्याचं म्हणणं. वॉरंटी संपली आणि पुढच्याच लग्नाला जाताना मोताळ्याजवळ इंजिन जाम झालं. मेकॅनिकनं इंजिनातला डांबरासारखा गाळ दाखवला. “उभ्या गाडीचंबी ऑइल खराब होते, भाऊ. आता इंजिनच नवं टाका लागते.” नागसेननं गाडी ओढायला ट्रॅक्टर बोलावला. दोर बांधल्यावर केसरबाई चपला काढू लागली. “राहू दे माय, घालूनच बस.” ती बसली. ट्रॅक्टर हलला तशी तिनं पहिल्यांदाच पाय पसरून पाठ टेकवली. “आता कुठं गाडीत बसल्यासारखं वाटते, बापा.”