एक पायरी मागे

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. "साहेब फोनवर जे बोलले, ते आधी त्यांच्या शब्दांत. मग तुमच्या."

फिटरने कपाळ पुसलं. गंजलेल्या नटाशी झगडताना येत नसे इतका घाम त्याला या टेबलाशी येत होता. साहेबांचे शब्द तोंडपाठ होते. लाइन बंद आहे, आत जायला हरकत नाही. ते इंग्रजीत सांगताना 'इज'चं 'वॉज' करायचं, एवढं आता जमत होतं.

"ही सेड दॅट द लाइन वॉज क्लोज्ड," तो म्हणाला आणि तिथेच थांबला. कारण वाफेची लाइन बंद नव्हती.

टाकीत वाफ शिरली आणि सफाईला उतरलेला त्याचा मेहुणा तिथेच गेला. कंट्रोल रूममधून शिफ्ट इंजिनिअरचा फोन आला तो फिटरनेच घेतला होता. टाकीच्या तोंडाशी वाट बघत बसलेल्या मेहुण्याला निरोपही त्यानेच दिला होता. नंतर कारखान्याच्या फलकावर कागद लागला. कामगार परवानगीआधीच आत उतरला, चूक त्याची. शिफ्ट इंजिनिअर त्या दिवसापासून कुणाशी बोलत नव्हता. स्वतःची कातडी वाचवायला त्यानेच हे लिहून दिलं असणार, असं सगळे म्हणत.

ताई नवऱ्यासाठी रडली, पण त्या कागदाचं कळलं तेव्हा रडली नाही. ती भावाला एवढंच म्हणाली, "तू तिथे होतास. तूच सांग."

चौकशीला येणारी माणसं परदेशातल्या मुख्य कचेरीतली होती. त्यांना फक्त इंग्रजी कळायचं. दुभाष्या होता, पण मागच्या वेळी एक कामगार जीव तोडून बोलला आणि दुभाष्याने त्याचं सगळं दोन वाक्यांत गुंडाळलं. म्हणून फिटरने ठरवलं, आपलं आपणच बोलायचं.

बाई निवृत्त शिक्षिका. गल्लीच्या टोकाला नुकत्याच राहायला आल्या होत्या. मोठ्या माणसांना शिकवत नाही, असं त्यांनी आधी सरळ सांगितलं होतं. मग कुठला कारखाना, कसली चौकशी, असं विचारलं. उत्तर ऐकून दाराला हात लावून जरा वेळ उभ्या राहिल्या. उद्यापासून या म्हणाल्या. फीचं नाव काढलं तर रागावल्या.

त्यांनी मनापासून शिकवलं. तो अडला की थांबायच्या. घरी जाताना ताईची चौकशी करायच्या, ती जेवते का, झोपते का विचारायच्या. शिक्षक असावा तर असा, असं तो ताईला सांगायचा.

आता चौकशी उद्यावर आली होती.

"पुढचं वाक्य," बाई म्हणाल्या.

"व्हेन सर फोन्ड, माय ब्रदर-इन-लॉ वेंट इन."

रोज या वाक्यावर त्या मान डोलवायच्या. आज उठून पाणी प्यायल्या. परत येऊन बसल्या तेव्हा त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "इथे चुकतंय. वेंट नाही. हॅड गॉन."

तो गोंधळला. बाईंनी समजावलं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना क्रियापद एक पायरी मागे जातं. 'इज'चं 'वॉज' झालं ना? तसंच 'वेंट'चं 'हॅड गॉन'.

"पण बाई, त्याचा अर्थ 'आधीच गेले होते' असा नाही होत? दाजी फोननंतर गेले. मीच तर पाठवलं."

"तो आपल्या भाषेतला हिशेब," बाई म्हणाल्या. "मोठ्या लोकांसमोर उभे राहणार आहात. चुकीचं बोललात तर पुढचं काही खरं मानणार नाहीत."

त्याने आणखी एकदा विचारलं. बाईंनी तेच सांगितलं. बाईंपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. घरी जाताना तो रस्ताभर तेच घोकत राहिला.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघे बसले होते. शिफ्ट इंजिनिअर पुढच्या खुर्चीत, दाढी वाढलेला, मान खाली. ताई मागच्या बाकावर. कामकाज सुरू झाल्यावर दार हळूच उघडलं आणि बाई आत येऊन ताईच्या मागे बसल्या. येणार नाही म्हणाल्या होत्या. त्यांना पाहून फिटरला धीर आला.

तो उभा राहिला. वाक्यं आली. फोनचं आलं, लाइनचं आलं. मग तो म्हणाला, "व्हेन सर फोन्ड, माय ब्रदर-इन-लॉ हॅड गॉन इन."

मधल्या साहेबाचं पेन थांबलं. नक्की? फिटरने नक्की म्हणून सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ते मोकळे झाल्यासारखे दिसले.

शिफ्ट इंजिनिअर कुणी न बोलावता उभा राहिला.

"नो," तो म्हणाला. "आय फोन्ड. देन ही वेंट इन." एकेक शब्द सुटा, फिटरलाही कळेल असा. मग त्याने सांगितलं की फलकावरच्या कागदावर सही करायला त्याने पहिल्याच दिवशी नकार दिला होता. लाइन तपासायची त्याच्याकडून राहिली होती, चूक त्याची स्वतःची होती.

ताईने तोंडावर पदर घेतला.

मधला साहेब फिटरकडे वळला. दुभाष्याने विचारलं, ज्याच्यावर ठपका येतो तो माणूस कबूल करतोय, मग तुम्ही स्वतःच्या मेहुण्याच्या विरुद्ध का बोललात?

"मी आधी तसंच म्हणत होतो," फिटर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "काल बाईंनी दुरुस्त केलं." त्याने मागच्या बाकाकडे हात केला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. शिफ्ट इंजिनिअरनेही पाहिलं.

"तू काय केलंस हे," तो म्हणाला, "आई?"