अकरावं नाव

"आजी, तुमचा एक माणूस मला तीन ठिकाणी सापडलाय," रेकॉर्ड रूमचा कारकून म्हणाला. "आणि लिहायचाय एकाच ठिकाणी."

त्याने तीन जुन्या वह्या टेबलावर उघडून ठेवल्या. समोर एकोणऐंशी वर्षांची म्हातारी बसली होती, शाळेचे गणवेश शिवण्यात जन्म गेलेली. शेजारी तिची सून. पंचाहत्तर वर्षांपूर्वी नदीत बोट बुडाली होती. त्यात गेलेल्यांची नावं आता धक्क्यावरच्या दगडावर कोरायची होती, आणि यादी तीन वाजता जायची होती. सव्वादोन झाले होते.

पहिली वही बोटकंपनीची. बुडालेल्यांच्या यादीत अकरावं नाव तिच्या वडिलांचं. इंजिनावर कामाला. डाव्या हाताची करंगळी अर्धी. प्रेत मिळालं नाही.

दुसरी दवाखान्याची. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी दाखल झालेला इसम. तेच नाव, बापाचंही तेच, कामही तेच. उजव्या हाताची करंगळी अर्धी. बरा होऊन घरी गेला.

"घरी कुठे आले?" म्हातारी म्हणाली.

"डावी-उजवीचा घोळ लिहिणाऱ्याचा असेल," सून म्हणाली. "समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो."

"असेल की. पण घोळ कुठल्या वहीतला?" कारकून जरा घुटमळला. मग त्याने तिसरी वही पुढे सरकवली. "ही लग्नाची. दोन वर्षांनंतरची, नदीपलीकडच्या कचेरीतली. नाव तेच. पुढे लिहिलंय, विधुर, अपत्य नाही."

म्हातारीने सुनेला ते पुन्हा वाचायला लावलं.

"विधुर कसा? माझी आई त्यानंतर एकतीस वर्षं जगली." मग जरा वेळाने, "आणि मी?"

"इथे अंगठा उठवलाय बघा. तुमचे वडील सही करायचे?"

"आई म्हणायची, करायचे."

"तुम्ही पाहिली होती?"

"मी चार वर्षांची होते रे बाळा."

कारकुनाने एक कोरा अर्ज काढला. "दवाखान्यातला आणि लग्नातला इसम माझे वडील नव्हेत, एवढं लिहून सही करा. नाव दगडावर जाईल. नाहीतर गाळावं लागेल. बुडालेल्याचं लग्न लावता येत नाही आणि लग्न लागलेल्याला बुडवता येत नाही, असा आमचा नियम."

"द्या लिहून, आई," सून हळूच म्हणाली. "कोण विचारायला येणार आहे? एवढी वर्षं आपण तसंच मानत आलो ना?"

म्हातारीने पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"थांब. मी त्या अर्ध्या बोटाला धरून चालायचे. माझ्या मुठीत बरोबर मावायचं ते. बाकी काही नाही आठवत, पण हे पक्कं. ऊठ बरं जरा."

सून उठली. म्हातारीने आधी तिच्या डाव्या हाताची करंगळी मुठीत धरली आणि दोघी कपाटांच्या रांगेमधून चालत गेल्या. टोकाला पोचल्यावर म्हातारीने बाजू बदलली आणि उजवी करंगळी धरून परत आली. बाकावर खोळंबलेली माणसं बघत होती. एक जण हसायला लागला आणि गप्प झाला. कारकुनाने वाटेतलं स्टूल उचलून बाजूला ठेवलं.

म्हातारी पुन्हा निघाली. या वेळी तिने डोळे मिटले होते. सुनेला तिच्या चालीने, छोटी छोटी पावलं टाकत चालावं लागत होतं.

"काही आठवतंय का, आई?"

"आठवतंय," म्हातारी म्हणाली. "दोन्हीकडून आठवतंय."

ती खुर्चीवर येऊन बसली. अर्ज तसाच पडला होता.

"ते नव्हेत म्हणून सही करू, तर कशाच्या जोरावर? आणि नाही केली, तर सोडून गेले असं मीच म्हटल्यासारखं होतं. आता आईला विचारावं, तर तीही नाही."

सुनेने सासूच्या पाठीवर हात ठेवला.

तीन वाजता शिपाई यादी न्यायला आला. कारकून म्हणाला, पाच मिनिटं. शिपाई पुन्हा आला तेव्हाही तो तेच म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने पट्टी घेतली आणि अकराव्या नावावर रेघ मारली.

"माझ्या हातात नाही हो, आजी."

"माझ्या तरी कुठे आहे?"

शिपाई गेला. कारकून वह्या आवरायला लागला. लग्नाच्या वहीतून निळ्या कागदाची एक चिठ्ठी बाहेर डोकावत होती. बाकी सगळे कागद पिवळे पडलेले, ही तेवढी नवी.

"ही खूण कुणी घातली?" म्हातारीने विचारलं.

"मीच. गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, त्यांच्यासाठी ही वही काढली होती. त्यांच्या आईवडिलांचं लग्न हे. वडील जन्मात कधी नदी ओलांडून इकडे आले नाहीत म्हणे. त्यांना आधीचं कोणी होतं का, एवढंच बाईंना हवं होतं."

"मग? काय सांगितलंस?"

"लिहिलंय तेच. अपत्य नाही."

"पत्ता आहे का त्यांचा?" सुनेने घाईने विचारलं.

"तोंडी चौकशीची नोंद नसते ठेवत."

म्हातारी टेबलावर पुढे झुकली.

"दिसायला कशा होत्या?"

कारकुनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि वहीची दोरी बांधायला घेतली.

"इथे रोज शंभर माणसं येतात, आजी," तो म्हणाला. "चेहरे कुठे लक्षात राहतात?"